लग्न, कुस्तीचं मैदान आणि फोर-के व्हिडिओ: वेगवान मेमरी कार्ड कसं निवडायचं

मंगलाष्टकं संपतात, शेवटचं ‘सावधान’ होतं, अंतरपाट खाली ओढला जातो आणि अक्षता पडू लागतात. हार गळ्यात पडेपर्यंत सगळा खेळ सात-आठ सेकंदांचा. नेमकं तेव्हाच इतका वेळ खटखट चाललेलं शटर अडखळतं, व्ह्यूफाइंडरमध्ये ‘बिझी’ दिसतं आणि कार्डाच्या झाकणाजवळचा लाल दिवा पेटलेलाच राहतो. कॅमेरा बिघडलेला नसतो. आधी काढलेले फोटो कार्डावर उतरवून व्हायचे असतात, म्हणून तो नवे घेत नाही. आणि गंमत म्हणजे त्या कार्डावर ठसठशीत अक्षरांत ‘२०० एमबी प्रति सेकंद’ असं छापलेलं असतं.

तो आकडा खोटा नसतो. फक्त तो वाचण्याचा वेग असतो, म्हणजे घरी आल्यावर कार्डातला डाटा कॉम्प्युटरवर घेताना लागणारा. अक्षतांच्या वेळी कामाला येतो तो लिहिण्याचा वेग, आणि तो बहुतेक वेळा पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच. कार्ड निवडताना म्हणूनच सुरुवात कार्डापासून करायची नाही, कॅमेऱ्यापासून करायची.

‘बिझी’ का येतं, ते आधी आकड्यांत

कॅमेऱ्याच्या आत बफर नावाची तात्पुरती मेमरी असते. हौद समजा. वरून सेन्सरचं पाणी पडतंय, खालून कार्डाच्या तोटीने जातंय. तोटी बारीक असली की हौद भरतो, आणि भरला की वरचा नळ बंद करावा लागतो.

उदाहरण म्हणून २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊ. एक कॉम्प्रेस्ड रॉ फाइल (सेन्सरचा कच्चा डाटा, जागा वाचवायला दाबलेला) साधारण २८ एमबी, वेग सेकंदाला १० फोटो, बफर १ जीबी. म्हणजे सेकंदाला २८० एमबी आत येतात. कार्ड सेकंदाला ८० एमबी लिहीत असेल, तर दर सेकंदाला २०० एमबी साठत जातात आणि ५ सेकंदांत, म्हणजे ५० फोटोंत, हौद काठोकाठ. त्यानंतर कॅमेरा सेकंदाला जेमतेम ३ फोटो काढतो, कारण कार्ड तेवढेच रिकामे करून देतं. हात थांबवला तरी पूर्ण भरलेला बफर रिकामा व्हायला साडेबारा सेकंद लागतात.

त्याच कॅमेऱ्यात सेकंदाला २५० एमबी लिहिणारं कार्ड घातलं, तर सेकंदाला फक्त ३० एमबी साठतात. बफर भरायला ३३ सेकंद लागतात. इतका वेळ सलग बटण दाबून कुणी धरत नाही.

पहिल्या हिशेबात ५ सेकंद जवळजवळ पुरेसे वाटतात, पण फोटोग्राफरने शेवटच्या मंगलाष्टकापासूनच बटण दाबायला सुरुवात केलेली असते. अंतरपाट खाली येतो तेव्हा हौद निम्मा भरलेलाच असतो. कार्ड हळू असेल तर शहाणपण हेच, की अंतरपाटाआधीचे दहा सेकंद बोट उचलून ठेवावं.

पायरी १: कॅमेऱ्याचा स्लॉट ओळखा

एसडी कार्ड उलटं करून सोनेरी पट्ट्या पाहा. एकच ओळ असेल तर ते यूएचएस-१, दोन ओळी असतील तर यूएचएस-२. पहिल्याच्या वाटेची कमाल क्षमता सेकंदाला १०४ एमबी, दुसऱ्याची ३१२ एमबी. कार्डाच्या तोंडावर रोमन एक किंवा दोन छापलेला असतो, त्याचा अर्थ हाच. दुसरी ओळ वापरायला कॅमेऱ्याच्या स्लॉटमध्येही तेवढे जास्तीचे संपर्क लागतात. ते नसतील तर महागडं यूएचएस-२ कार्ड चालतं, पण यूएचएस-१ च्याच वेगाने.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात लग्नाच्या कामात दिसणाऱ्या बॉडींचा, म्हणजे कॅमेऱ्यांचा, विचार केला तर चित्र असं आहे. कॅनन १५००डी, २००डी मार्क २, ६डी मार्क २, आर५०. निकॉन डी५६००, डी७५०, डी७५००, झेड५०. सोनी ए६४००, झेडव्ही-ई१०: हे सगळे यूएचएस-१. यांच्यासाठी यूएचएस-२ कार्ड घेणं म्हणजे पाणंदीत चालवायला रेसची गाडी घेणं. कॅनन आर६, आर६ मार्क २, आर७, निकॉन झेड५, फुजीफिल्म एक्स-टी३ आणि एक्स-टी४, पॅनासॉनिक जीएच५ यांचे दोन्ही स्लॉट यूएचएस-२. कॅनन आर८ आणि आर१० ला स्लॉट एकच, पण यूएचएस-२.

सोनी ए७ मार्क ३ मध्ये फसगत होते. त्याचा पहिला स्लॉट यूएचएस-२ आहे, दुसरा यूएचएस-१. वेगवान कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून ‘कार्डात दम नाही’ म्हणणारे बरेच असतात.

त्याच्या वरची पायरी सीएफएक्सप्रेसची. ही कार्डं आतून लॅपटॉपच्या एनव्हीएमई एसएसडीच्याच जातीची असतात. टाइप बी आकाराने मोठं. निकॉन झेड६ मार्क २, झेड८, झेड९, कॅनन आर५, आर३ मध्ये त्याचा स्लॉट असतो. टाइप ए छोटं, ते सोनीने उचललं: ए७ मार्क ४ चा पहिला स्लॉट आणि ए७एस मार्क ३, एफएक्स३, ए१ चे दोन्ही स्लॉट टाइप ए किंवा एसडी, दोन्ही घेतात. २.० या आवृत्तीत टाइप ए ची सैद्धांतिक मर्यादा सेकंदाला १००० एमबी, टाइप बी ची २०००. २०२३ साली आलेल्या ४.० मध्ये दोन्ही दुप्पट झाल्या. पण कॅमेरा २.० चा असेल तर ४.० चं कार्ड त्याच्या २.० च्याच वेगाने चालतं. फायदा होईल तो फक्त ४.० चा रिडर (कार्ड कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र) असला तर, डाटा उतरवताना.

जुनं एक्सक्यूडी कार्ड आणि सीएफएक्सप्रेस टाइप बी दिसायला सारखे, आकारही एकच, पण आतली भाषा वेगळी. निकॉन डी५००, डी८५०, झेड६, झेड७ यांना सीएफएक्सप्रेस चालण्यासाठी फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करावं लागतं. सेकंडहँड बॉडी घेतली असेल तर मेनूत फर्मवेअरचा आकडा आधी पाहा, मग कार्ड घ्या.

पायरी २: कार्डावरची खूण वाचा

एसडी कार्डाच्या तोंडावर इतक्या खुणा असतात की देवळाच्या दीपमाळेवर दिवे कमी पडावेत. त्यातल्या कामाच्या दोन-तीनच.

इंग्रजी सी अक्षरात १० म्हणजे लिहिण्याचा वेग किमान १० एमबी प्रति सेकंद. यू अक्षरात १ म्हणजेही १०, यू मध्ये ३ म्हणजे ३०. व्ही १०, व्ही ३०, व्ही ६०, व्ही ९० म्हणजे अनुक्रमे १०, ३०, ६०, ९०. म्हणजे सी १०, यू १ आणि व्ही १० या तिन्ही खुणा एकच गोष्ट सांगतात. ए १ आणि ए २ या खुणा मोबाइलमध्ये ॲप चालवण्यासाठी. कॅमेऱ्याला त्यांचा काही उपयोग नाही, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

आता खरी ग्यानबाची मेख. व्ही चा आकडा हा तळ आहे, माथा नाही. ‘वेग याच्या खाली जाणार नाही’ एवढीच ती हमी. व्हिडिओला तळ लागतो, कारण डाटा एकसारखा येत राहतो आणि एक क्षण जरी वेग घसरला तरी रेकॉर्डिंग तुटतं. फोटोच्या बर्स्टला (सलग धडाधड काढलेल्या फोटोंना) माथा लागतो, म्हणजे जितक्या जोरात लिहील तितकं चांगलं. एक व्ही ६० कार्ड सेकंदाला १०० एमबीच्या आसपास लिहितं, दुसरं व्ही ६० कार्ड २५० लिहितं, आणि दोघांवर खूण तीच. फोटोसाठी कार्ड घेताना व्ही च्या आकड्यावर समाधान मानू नका. ‘राइट’ असा शब्द आणि त्यापुढचा आकडा शोधा. तो पाकिटावरही नाही आणि कंपनीच्या साइटवरही नाही, तर ते कार्ड सोडून द्या.

व्ही ६० आणि व्ही ९० साठी दुसरी पट्ट्यांची ओळ लागतेच. यूएचएस-१ ची वाट तेवढी हमी देऊ शकत नाही. व्ही ६० किंवा व्ही ९० छापलंय आणि मागे पट्ट्यांची एकच ओळ आहे, तर ते कार्ड बनावट. हे दुकानातच, पाकीट फोडल्यावर लगेच कळतं.

यूएचएस-१ कार्डावर १७० किंवा २०० कसं छापतात, हा प्रश्न रास्त आहे. वाटेची मर्यादा १०४, मग हे कुठून आलं? काही कंपन्यांनी स्वतःची वेगळी पद्धत वापरून ती मर्यादा ओलांडली आहे, पण ती फक्त त्यांच्या जुळणाऱ्या रिडरवर चालते. कॅमेऱ्यात तेच कार्ड ८०-९० च्या घरात लिहितं.

पायरी ३: व्हिडिओचा बिटरेट आठाने भागा

कॅमेऱ्याच्या मेनूत बिटरेट, म्हणजे व्हिडिओच्या एका सेकंदाला लागणारा डाटा, मेगाबिटमध्ये लिहिलेला असतो, कार्डावर मेगाबाइट. इंग्रजी लहान ‘बी’ म्हणजे बिट, मोठा ‘बी’ म्हणजे बाइट, आणि आठ बिटांचा एक बाइट. एवढा भागाकार न केल्यामुळे लोक गरजेपेक्षा दुप्पट-तिप्पट महाग कार्ड घेतात.

लग्नाच्या फोर-के व्हिडिओचा नेहमीचा बिटरेट १०० मेगाबिट. आठाने भागला की साडेबारा एमबी. व्ही ३० भरपूर झालं. १५० मेगाबिट म्हणजे पावणेएकोणीस एमबी, तेही व्ही ३० मध्ये बसतं. २०० मेगाबिट, २५ एमबी: काठावर, पण चालतं. ४०० मेगाबिटच्या ऑल-आय रेकॉर्डिंगला, जे जीएच५ मध्ये आहे, ५० एमबी लागतात, म्हणजे व्ही ६०. सोनीचं ६०० मेगाबिटचं ऑल-आय ७५ एमबी मागतं, तिथे व्ही ९० किंवा सीएफएक्सप्रेस. कॅनन आर५ चं एट-के रॉ सुमारे २६०० मेगाबिट, म्हणजे ३२५ एमबी. कोणतंही यूएचएस-२ कार्ड इथे पुरत नाही, सीएफएक्सप्रेस टाइप बी च हवं.

ऑल-आय म्हणजे प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवणं. साध्या पद्धतीत काही फ्रेम पूर्ण आणि मधल्यांचा फक्त फरक साठवला जातो. ऑल-आय फाइल जुन्या कॉम्प्युटरवर एडिटिंगला हलकी जाते हे खरं, पण जागा कैक पटींनी खाते. पाच तासांच्या लग्नाला ऑल-आय लावणाऱ्याने हार्डडिस्कचं बिल आधी पाहावं. जाहिरात, शॉर्टफिल्म, गाण्याचा व्हिडिओ असेल तर गोष्ट वेगळी.

स्लो मोशनमध्ये मात्र एक छुपा खड्डा आहे. काही कॅमेऱ्यांत १०० फ्रेमने चित्रित करून आतल्या आतच २५ फ्रेमची फाइल बनवण्याचा मोड असतो. सोनीत त्याला ‘स्लो अँड क्विक’ म्हणतात. फाइलचा बिटरेट १०० मेगाबिट दिसतो, पण चालवताना चार सेकंद चालणारा तुकडा कॅमेऱ्याने एका सेकंदात लिहिलेला असतो. म्हणजे रेकॉर्डिंगच्या वेळी कार्डावर प्रत्यक्षात ४०० मेगाबिट, ५० एमबी पडत असतात. व्ही ३० कार्डावर साधा फोर-के व्यवस्थित चालतो आणि वरातीत घोडा उधळताना स्लो मोशन लावला की ‘हे कार्ड चालणार नाही’ असा संदेश येतो, त्याचं कारण हे. हा मोड नेहमी वापरत असाल तर चौपटीचा हिशेब धरून कार्ड घ्या.

सीएफएक्सप्रेसवर व्ही ऐवजी व्हीपीजी अशी खूण असते. व्हीपीजी २०० म्हणजे सलग २०० एमबीची हमी, व्हीपीजी ४०० म्हणजे ४०० ची. पाकिटावर ‘१७०० एमबी’ असं असून ही खूण नसलेली स्वस्त कार्डं असतात. सुरुवातीचे काही जीबी ती आतल्या वेगवान भागात घेतात, तो भरला की वेग दणकन खाली येतो. फोटोच्या छोट्या बर्स्टला ते जाणवत नाही, सलग रॉ व्हिडिओत जाणवतं. तिथे खुणेशिवाय कार्ड घेऊ नका.

कुणी काय घ्यावं

यूएचएस-१ बॉडीवर लग्नं करणाऱ्याने लिहिण्याचा वेग ९० एमबी छापलेलं, नावाजलेल्या कंपनीचं व्ही ३० कार्ड घ्यावं. त्यापुढे खर्च करण्यात अर्थ नाही. वाचलेल्या पैशात एक कार्ड जास्तीचं येतं.

यूएचएस-२ बॉडीवर फोटोच मुख्य असतील तर व्ही ६०, पण लिहिण्याचा वेग २०० च्या वर असलेलं. किंमत आणि वेग यांचा मेळ सध्या इथेच सगळ्यात चांगला बसतो. व्ही ९० ची किंमत एकदम उडी घेते. ती ज्याचा बिटरेट मागतो त्यानेच मोजावी.

कुस्तीच्या मैदानाचं काम वेगळ्या प्रकारचं. येळ्ळूरचं मैदान असो की आनंदवाडीचा आखाडा, पैलवान दहा-दहा मिनिटं खडाखडी करतात आणि घिस्सा किंवा ढाक हा डाव पापणी लवायच्या आत होऊन जातो. सलग धरून ठेवण्यापेक्षा दोन-दोन सेकंदांचे तुकडे मारावे लागतात. त्यामुळे बफर किती मोठा यापेक्षा तो किती लवकर रिकामा होतो याला महत्त्व. शंकरपट असो वा बैलगाडी शर्यत, तिथेही तेच: एक जोडी गेली की पुढची सुटेपर्यंत लाल दिवा विझलेला हवा. रॉची खरंच गरज नसेल तर जेपेग लावा. ८-१० एमबीची जेपेग सेकंदाला १० काढली तरी १०० एमबीच्या आत बसते, आणि साधं यूएचएस-१ कार्डही जवळजवळ बरोबरीने चालतं. वर्तमानपत्राला पाठवायच्या फोटोला तेवढं पुष्कळ होतं.

ड्रोन आणि ॲक्शन कॅमेऱ्याला मायक्रोएसडी, यू ३ आणि व्ही ३० या दोन्ही खुणा असलेलं. सीसीटीव्हीसाठी ‘एंड्युरन्स’ नावाने मिळणारी कार्डं टिकाऊ असतात, पण वेगासाठी बनवलेली नसतात. आणि मायक्रोएसडी ॲडॉप्टरमध्ये घालून मुख्य कॅमेऱ्यात वापरणं टाळा. संपर्काचा एक सांधा वाढतो, आणि ऐन वेळी ‘कार्ड नाही’ दिसतं ते बहुधा त्या सांध्यामुळेच.

क्षमता किती, नग किती

१०० मेगाबिटचा व्हिडिओ तासाला ४५ जीबी घेतो. १२८ जीबी कार्डावर सुमारे पावणेतीन तास. २०० मेगाबिटला तासाला ९० जीबी, ६०० ला २७०. कार्ड घातल्यावर १२८ ऐवजी ११९ दिसले तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ च्या.

बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. अशा कामाला २५६ चं एक कार्ड की १२८ ची दोन? व्हिडिओवाल्याला मोठं कार्ड सोयीचं, कारण गर्दीत, ढोल-ताशांच्या मधोमध उभं राहून नखाएवढं कार्ड बदलणं म्हणजे ते पायदळी जाऊ देण्याची तयारी ठेवणं. फोटोवाल्याने मात्र ६४ किंवा १२८ च्या पुढे जाऊ नये. एकाच कार्डात हळद, लग्न आणि वरात तिन्ही साठवली आणि तेच कार्ड गेलं, तर पाहुण्यांना तोंड दाखवायला जागा राहत नाही.

३२ जीबीपर्यंतच्या कार्डावर फॅट३२ पद्धत असते, आणि त्यात एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. लांब भाषण किंवा कीर्तन तुकड्यांत येतं. ६४ पासून पुढे एक्सफॅट असतं, तिथे ही अडचण नाही, तरी काही जुने कॅमेरे सवयीने तुकडे करतातच.

दोन स्लॉट असतील तर लग्नात दोन्हींवर एकदमच लिहिणारा बॅकअप मोड लावा. पण लक्षात ठेवा, तेव्हा कॅमेऱ्याचा वेग हळू कार्डाचा असतो. आर५ मध्ये हजारोंचं सीएफएक्सप्रेस आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये जुनं व्ही ३० एसडी घालून बॅकअप लावला, तर सीएफएक्सप्रेसचे पैसे पाण्यात. तडजोड म्हणून वेगवान कार्डावर रॉ आणि हळू कार्डावर जेपेग घेता येतात. रॉ गेले तरी अल्बम छापण्याइतका माल हाताशी राहतो.

पायरी ४: घरी आणल्यावर तपासा

कार्ड गल्लीतल्या दुकानातून घ्या, हुबळी-कोल्हापूरहून मागवा की ऑनलाइन. पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि कमाल किंमत छापलेली हवी, आणि बिल हवं. बिलाशिवाय वॉरंटी म्हणजे नुसता शब्द.

बनावट कार्डाची युक्ती सोपी असते. आत चिप ३२ जीबीची, पण तिचा कंट्रोलर कॅमेऱ्याला सांगतो की मी २५६ ची. पहिले ३२ जीबी सगळं ठीक चालतं. पुढचा डाटा हवेत जातो किंवा आधीच्या डोक्यावर बसतो. फायलींची नावं दिसतात, उघडत नाहीत. हे लग्नात कळण्याआधी घरी कळावं म्हणून पूर्ण कार्ड भरून पाहायचं.

विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ नावाचा मोफत प्रोग्राम आहे, मॅक आणि लिनक्सवर ‘एफथ्री’. रिकामं कार्ड रिडरमध्ये घाला, प्रोग्राममध्ये त्याचा ड्राइव्ह निवडा, ‘सगळी मोकळी जागा’ हा पर्याय ठेवा आणि लिहा-व-तपासा हे बटण दाबा. तो १ जीबीच्या फायली एकामागून एक लिहीत जातो, मग त्या वाचून जुळवतो. चांगल्या रिडरवर १२८ जीबीला तासाभराच्या आसपास धरा. शेवटी ‘चुकांशिवाय पूर्ण’ असं आलं तर कार्ड खरं. ‘डाटा लॉस्ट’ असं लाल अक्षरांत आलं तर त्याचा फोटो घ्या, बिलासह त्याच दिवशी परत करा. चाचणी झाल्यावर कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं.

मग कॅमेऱ्यातली परीक्षा. हिला फक्त मोबाइलचं घड्याळ लागतं. रॉ लावा, सर्वात वेगाचा कंटिन्युअस मोड, फोकस मॅन्युअल, शटर १/५०० किंवा जास्त. बटण दाबताना घड्याळ सुरू करा, वेग मंदावल्याचं ऐकू आलं की बोट उचला, आणि लाल दिवा विझला की घड्याळ थांबवा. फोटो मोजा. वरच्या उदाहरणात ५० फोटो, प्रत्येकी २८ एमबी, म्हणजे १४०० एमबी. एकूण वेळ साडेसतरा सेकंद. भागाकार ८० एमबी प्रति सेकंद. हा तुमच्या कॅमेऱ्यात त्या कार्डाचा खरा वेग, पाकिटावर काहीही असो.

ही परीक्षा पांढऱ्या भिंतीकडे कॅमेरा करून घेऊ नका. बहुतेक कॅमेऱ्यांत कॉम्प्रेस्ड रॉ आणि जेपेग, दोन्हींचा आकार चित्रातल्या बारकाव्यावर ठरतो. कोरी भिंत हलकी, ऑगस्टमधला गोकाकचा धबधबा जड, कारण उडणाऱ्या तुषारांत कॉम्प्रेस करण्यासारखं काही नसतं. तसंच मंगल कार्यालयाच्या अपुऱ्या उजेडात आयएसओ ६४०० केला की दाणेदारपणामुळे फाइल फुगते आणि दुपारी ५० फोटो घेणारा बफर रात्री ४० वर अडतो. ज्या आयएसओवर काम करता, त्याच आयएसओवर मोजा.

व्हिडिओसाठी सर्वात जड बिटरेट लावून कार्ड पूर्ण भरेपर्यंत चालवा, दोनदा. पंधराव्या मिनिटाला तुटणारं कार्ड पहिल्या पाच मिनिटांच्या चाचणीत हुशार दिसतं.

रिडरवर पैसे वाचवू नका

१२८ जीबी जुन्या यूएसबी २ रिडरमधून ३५ एमबीच्या वेगाने उतरवायला तास लागतो. यूएचएस-१ च्या चांगल्या रिडरने २५ मिनिटं, यूएचएस-२ रिडरने ८-९ मिनिटं. रात्री दोनला घरी आलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. यूएचएस-२ कार्ड घेतलं आणि रिडर जुनाच ठेवला तर निम्मा फायदा गेला. रिडरवर यूएचएस-२ लिहिलेलं हवं, तो यूएसबी ३ पोर्टात लावा, आणि केबल चार्जरसोबत आलेली नको, कारण त्यातल्या बऱ्याच यूएसबी २ च्याच असतात. शेवटी डाटा जिथे जातो ती फिरणारी पोर्टेबल हार्डडिस्क असेल तर वेग तिथे १०० च्या आसपास अडतो. आधी एसएसडीवर उतरवा, तिथून सावकाश हार्डडिस्कवर जाऊ द्या. विंडोजवर टेराकॉपीसारख्या प्रोग्रामने कॉपीनंतर पडताळणी करता येते. ती झाल्याशिवाय आणि दोन ठिकाणी डाटा गेल्याशिवाय कार्ड फॉरमॅट नाही.

वापर, धूळ, पाऊस

कॅमेऱ्यात एकेक फोटो उडवत बसू नका. मध्ये मध्ये मोकळ्या झालेल्या तुकड्यांत लिहिताना वेग पडतो, आणि व्ही ची हमी अशा चिंधड्या झालेल्या कार्डाला लागू राहत नाही. डाटा उतरवला की कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. कॅननमध्ये ‘लो लेव्हल फॉरमॅट’ची खूण करता येते. वेग मंदावलेल्या कार्डाला महिन्या-दोन महिन्यांनी ते द्यावं.

आखाड्याची लाल माती मैद्यासारखी बारीक असते. कार्ड बदलताना स्लॉट खाली करून धरा, तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा पट्ट्यांवर बसतो. रबरी ब्लोअर वापरा. पट्ट्या काळवंडल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने हलक्या हाताने पुसा, खोडरबराने घासू नका.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाटात पावसाळ्यात काम असेल तर एसी गाडीतून उतरल्या उतरल्या स्लॉटचं झाकण उघडू नका. थंड धातूवर दव धरतं. कॅमेरा बॅगेतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्या. उलट, अथणी-रायबागकडच्या मे महिन्यात कार्डांची डबी डॅशबोर्डवर ठेवू नका. सीएफएक्सप्रेस टाइप बी तसंही चालताना हाताला चटका बसण्याइतकं तापतं, आणि तापलं की स्वतःच वेग कमी करतं.

एसडीच्या बाजूची छोटी लॉकची खिट्टी सैल होऊन पडते. ‘कार्ड लॉक आहे’ असं आलं तर त्या खाचेवर सेलोटेपचा एक पातळ तुकडा चिकटवा, पट्ट्यांवर जाऊ देऊ नका. काम निभतं, पण ते कार्ड त्यानंतर राखीवात टाका. टेप स्लॉटच्या आत सुटली तर दुरुस्ती कार्डापेक्षा महाग पडते. खिट्टीच नसलेली, एकसंध साच्यातली एसडी कार्डं मिळतात. हा त्रास त्यांना नाही.

कार्डांवर आकडे घाला. डबीत रिकामं कार्ड सुलटं, भरलेलं पालथं. मदतीला आलेल्या पोरालाही हेच सांगून ठेवा.

आणि चुकून भरलेलं कार्ड फॉरमॅट झालंच, तर त्याच क्षणी ते बाहेर काढा. साध्या फॉरमॅटने फक्त फायलींची यादी पुसली जाते, फोटो जागेवर असतात. पुढचा एक जरी फोटो काढला तरी तो जुन्यावर बसू शकतो. घरी फोटोरेक या मोफत प्रोग्रामने वाचायला लावा आणि सापडलेल्या फायली दुसऱ्या डिस्कवर काढा, त्याच कार्डावर नाही. रॉ आणि जेपेग बहुधा सहीसलामत येतात, फक्त नावं बदललेली असतात. लांब व्हिडिओ मात्र तुकड्यातुकड्यांत विखुरलेला असेल तर उघडेलच असं नाही. लो लेव्हल फॉरमॅट केलेलं असेल तर हा खटाटोप सहसा फळत नाही, म्हणून ती खूण कामाच्या दिवशी करायची नाही, आदल्या रात्री करायची.